जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स : सर्व्हिस किती खोलवर करावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या आपल्या सभासदांच्या दारात आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या अनेक गाड्या नव्या घेतलेल्या नाहीत. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा लेकीने नवी गाडी घेतली आणि जुनी आई-बाबांसाठी गावी आणून ठेवली, असा त्यांचा प्रवास असतो. गुडघे दुखत असताना डावा पाय मोकळा राहतो, ही ज्येष्ठांसाठी मोठीच सोय. पण गाडी दहा-बारा वर्षांची झाली, मीटर लाखाच्या आसपास आला, की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : गिअरबॉक्सचे ऑइल बदलायचे का, आणि बदलायचे तर किती?

उत्तरे तीन प्रकारची मिळतात. एक मेस्त्री सांगतो, "चालतोय ना, मग हात लावू नका." दुसरा सांगतो, "मशीन लावून आतले सगळे धुऊन काढू." तिसरा गाडीची पुस्तिका दाखवतो आणि म्हणतो, "कंपनीने लाइफटाइम ऑइल दिलंय, बदलायची गरजच नाही." तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच माणूस गोंधळतो. शिवाय इथे चूक महागात पडते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पूर्ण दुरुस्त करण्याचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा खाऊन टाकू शकतो. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : सर्व्हिस किती खोलवर करायची हे गाडीच्या वयावर ठरवू नये. गिअरबॉक्सचा प्रकार, त्याचा आजवरचा इतिहास आणि तो आज कसा चालतो, या तीन गोष्टींवर ठरवावे.

आधी प्रकार ओळखा

गिअर आपोआप बदलतो म्हणून सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला, टॉर्क कन्व्हर्टरचा. हा सर्वांत जुना आणि खरा 'ऑटोमॅटिक'. अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांच्या १९४० च्या मॉडेलमध्ये 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स आला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मोठ्या प्रमाणावर प्रसार सुरू झाला. आपल्याकडच्या जुन्या ह्युंदाई आय-१० चा चार गिअरचा ऑटोमॅटिक, २००८ नंतरच्या होंडा सिटीचा पाच गिअरचा, २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाचा सहा गिअरचा, हे सगळे याच कुळातले. या लेखातला बहुतेक मजकूर याच प्रकाराविषयी आहे.

दुसरा, सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी कमी-जास्त होऊन वेग बदलतो. २०१४ च्या होंडा सिटीचा पेट्रोल ऑटोमॅटिक असा आहे. याचे तेल वेगळेच असते. टॉर्क कन्व्हर्टरचे साधे तेल यात टाकले, तर पट्टा आणि पुली यांच्यातली पकड जाते आणि गिअरबॉक्स कायमचा खराब होऊ शकतो.

तिसरा, डबल क्लचचा. यातही दोन पोटप्रकार आहेत. काहींचे क्लच कोरडे असतात, काहींचे तेलात बुडालेले. तेलात बुडालेल्या क्लचचे तेल ठरलेल्या अंतराने बदलावेच लागते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीमध्ये तेल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलायचे असतात. तिथे 'बदलू की नको' असा प्रश्नच नाही.

चौथा, एएमटी. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोहोचवला. हा मुळात साधा हाताने टाकायचा गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे एक यंत्रणा करते. यात ठरल्या वेळी साधे गिअर ऑइल बदलावे, क्लच प्लेटवर लक्ष ठेवावे आणि ती यंत्रणा तपासून घ्यावी. एएमटी गाडीला कोणी 'पूर्ण ऑटोमॅटिक फ्लश' करू म्हणाले, तर सरळ नकार द्यावा.

तेल नेमके काय करते

इंजिनातले तेल मुख्यतः वंगण असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल मात्र एकाच वेळी चार-पाच कामे करते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवायचे काम तेच करते. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक चालू करावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसे हे असते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. त्याच तेलाच्या दाबाने आतले क्लच धरले आणि सोडले जातात, म्हणजे गिअर पडतो तो तेलाच्या दाबाने. उष्णता वाहून नेणे, दात आणि बेअरिंग यांना वंगण देणे हीसुद्धा त्याचीच कामे. आणि शेवटचे, सर्वांत नाजूक काम म्हणजे क्लचच्या चकत्यांना नेमकी हवी तेवढीच पकड देणे.

पकड जास्त झाली तर झटका बसतो, कमी झाली तर क्लच घसरतो. ही पकड साधण्यासाठी तेलात खास रसायने घातलेली असतात. एके काळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल माशाचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरणे बंद झाले आणि कंपन्यांना नवी रसायने शोधावी लागली. सांगायचा मुद्दा हा, की 'लाल ऑइल म्हणजे लाल ऑइल' असे इथे चालत नाही. जुन्या ह्युंदाईला एसपी-थ्री, टोयोटाला डब्ल्यूएस, होंडाच्या पाच गिअरवाल्याला डीडब्ल्यू-१ आणि होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ अशी प्रत्येकाची नेमणूक ठरलेली आहे.

या सगळ्याचे नियंत्रण 'व्हॉल्व बॉडी' नावाच्या भागातून होते. तेलाच्या वाटांचे जाळे कोरलेला हा अॅल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि त्यात लहान लहान व्हॉल्व सरकतात. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्वच्या कारखान्यांत काम केलेल्या आपल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. स्पूल आणि बोअर यांच्यातली फट इतकी बारीक असते, की तेलातल्या घाणीने स्पूल अडकतो आणि अख्खे मशीन रुसते. गाडीच्या गिअरबॉक्सचेही तसेच आहे. क्लच झिजून पडलेली बारीक पूड तेलातून फिरत राहते आणि हळूहळू व्हॉल्वच्या चालीत येते.

आपल्या रस्त्यांवर तेल लवकर का थकते

तेलाचा मोठा शत्रू उष्णता. ढोबळ हिशेब असा मांडतात, की तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आता आपला भूगोल पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याला किंवा सावंतवाडीला जायचे म्हणजे चोर्ला किंवा आंबोली घाट उतरायचा, आणि परतताना तेवढेच पुन्हा चढायचे. कोल्हापूरच्या वाटेवर वंटमुरी आणि तवंदी घाट आहेतच. माणसे आणि सामान भरलेली गाडी, पुढे रांगणारा ट्रक आणि चढ, अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाते आणि तापते.

गावातली गर्दीही कमी नाही. गणपती विसर्जनाच्या किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री आसपासच्या गल्ल्यांतून तासभर गाडी इंच-इंच पुढे सरकवणे म्हणजे गिअरबॉक्सची तापणूक. बाजारापुरती, दोन-तीन किलोमीटरची रोजची फेरीही तेलाला फारशी मानवत नाही.

गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये बहुधा दोन वेळापत्रके असतात : साध्या वापराचे आणि कठीण वापराचे. डोंगरी रस्ते, धूळ, वाहतूक कोंडी, लहान फेऱ्या हे सगळे दुसऱ्या यादीत मोडते. आपल्यापैकी बहुतेकांनी दुसरे वेळापत्रक वाचावे.

'लाइफटाइम' म्हणजे कोणाचे आयुष्य?

'लाइफटाइम' असे लिहिलेले असते तेव्हा ते तेल अमर आहे असा अर्थ होत नाही. गाडी पहिल्या मालकाकडे आणि वॉरंटीच्या काळात जेवढी चालेल, तेवढ्या काळाचा तो हिशेब असतो. झेडएफ ही जर्मन कंपनी जगातल्या अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. त्या गाड्यांचे उत्पादक काही वेळा 'लाइफटाइम' म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापराप्रमाणे ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देत आली आहे. ज्याने वस्तू घडवली त्याचे ऐकणे शहाणपणाचे. मुलाने सात वर्षे वापरून आपल्याकडे पाठवलेली गाडी अजून सात-आठ वर्षे चालवायची असेल, तर 'लाइफटाइम' या शब्दावर विसंबू नये.

'हात लावला की बिघडतो', हे खरे का?

जुन्या मेस्त्रींचे हे म्हणणे अगदीच निराधार नाही. ऑइल बदलले आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला, अशी उदाहरणे घडतात. पण कारण नीट समजून घेतले पाहिजे.

बहुतेक माणसे ऑइल बदलायला केव्हा जातात? गिअर घसरू लागल्यावर. तेव्हा क्लचच्या चकत्या आधीच झिजलेल्या असतात. झिजलेल्या चकत्या तेलातल्या पुडीच्या आधाराने कशाबशा धरत असतील, तर नवे स्वच्छ तेल घातल्यावर ती उधारीची पकडही जाते. म्हणजे तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला असे नसते; तो जाणारच होता, तेलाने फक्त तारीख अलीकडे आणली. दुसरे कारण म्हणजे दाबाने किंवा रसायन घालून धुण्याची पद्धत. अनेक वर्षे तळाशी बसलेला गाळ त्याने एकदम सुटतो आणि जाऊन व्हॉल्वमध्ये बसतो. तिसरे कारण अगदी साधे : चुकीचे तेल, किंवा बरोबर तेल पण चुकीच्या पातळीला भरलेले.

यातून निष्कर्ष असा निघतो, की सुरळीत चालणाऱ्या जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलायला घाबरू नये, आणि घसरणाऱ्या गिअरबॉक्सचे तेल बदलून तो बरा होईल अशी आशा धरू नये.

सर्व्हिसच्या पाच पायऱ्या

गॅरेजमध्ये 'गिअरबॉक्स सर्व्हिस' या एकाच नावाखाली वेगवेगळी कामे येतात. त्यांचा फरक असा.

पहिली पायरी, काढून भरणे. खालचा बोल्ट उघडून जेवढे तेल येईल तेवढे काढायचे आणि तेवढेच नवे भरायचे. यात सगळे तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांमधले आतच राहते. समजा एकूण तेल साडेसात लिटर आहे आणि एका वेळी तीन लिटर निघते. पहिल्या वेळी ४० टक्के तेल नवे होते. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेच केले की ६४ टक्के, तिसऱ्यांदा केले की साधारण ७८ टक्के. म्हणजे नऊ लिटर तेलात, आतल्या भागांना कोणताही धक्का न देता, तीन चतुर्थांशाहून जास्त तेल बदलते.

दुसरी पायरी, चेंबर उघडणे. खालचे चेंबर सोडवून आतली जाळी म्हणजे फिल्टर बदलणे, चुंबक पुसणे आणि नवे पॅकिंग लावून बंद करणे. यात तेल थोडे जास्त निघते, आणि मुख्य म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसते. अर्थात प्रत्येक गाडीत ही सोय नसते. होंडाच्या अनेक गिअरबॉक्सना असे सुटे चेंबरच नसते. तिथे पहिली पायरीच दोन-तीन वेळा करणे योग्य.

तिसरी पायरी, मशीनने पूर्ण बदल. कूलरची नळी सोडवून तिथून जुने तेल बाहेर आणि नवे आत, असे करतात. तेल जास्त लागते, कारण काही नवे तेलही जुन्याबरोबर वाहून जाते. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपाच्या दाबावर चालणारे मशीन आणि बाहेरून दाब देऊन रसायनाने धुणारे मशीन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पद्धत नियमित सर्व्हिस झालेल्या गाडीला चालते. दुसरी जुन्या गाडीला आम्ही सुचवणार नाही.

चौथी पायरी, व्हॉल्व बॉडी आणि सोलेनॉइडचे काम. स्कॅनरवर एखाद्या ठरावीक सोलेनॉइडचा दोष दिसला तरच हे करावे.

पाचवी पायरी, पूर्ण उतरवून उघडणे. क्लच, सील, बेअरिंग सगळे पाहून बदलणे. हे काम रोज करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

मग आपल्या गाडीचे काय करायचे?

गाडीची फाईल काढून बसावे आणि पुढीलपैकी आपली परिस्थिती कोणती ते पाहावे.

तेल वेळच्या वेळी बदलल्याच्या नोंदी आहेत आणि गाडी सुरळीत चालते : पहिली पायरी एकदा करणे पुरेसे. पुस्तिकेत सांगितलेले अंतर पाळत राहावे.

नोंदी नाहीत, पण गिअर गुळगुळीत पडतात : आपल्याकडे बाहेरगावाहून आलेल्या जुन्या गाड्यांची ही सर्वांत सामान्य स्थिती. अशा वेळी दुसऱ्या पायरीने सुरुवात करावी. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. चकाकणारे तुकडे किंवा किरचा दिसल्या तर थांबून विचार करावा. सगळे ठीक दिसले, तर पुढे हजार-दोन हजार किलोमीटरच्या अंतराने पहिली पायरी अजून एक-दोनदा करावी. घाई नको आणि फ्लशही नको.

गाडी थंड असताना गिअर उशिरा पडतो किंवा हलका झटका मारते : आधी तेलाला दोष देऊ नये. तेलाची पातळी, गिअरबॉक्स आणि इंजिनाचे माउंटिंग, बॅटरी हे तपासावे आणि स्कॅनर लावून घ्यावा. फाटलेल्या माउंटिंगमुळे बसणारा झटका कित्येकदा गिअरबॉक्सच्या नावावर खपतो. यांतून काही निघाले नाही तर दुसरी पायरी करावी.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, तेलाला करपलेला वास आहे, रंग काळपट आहे : हा गिअरबॉक्स घसरतो आहे. इथे महागडे तेल आणि फ्लश यांवर पैसे घालू नयेत. तेलाची पातळी तेवढी तपासून घ्यावी. ती बरोबर असेल तर सरळ पाचव्या पायरीचा अंदाज मागावा आणि तो खर्च गाडीला झेपतो का ते ठरवावे. तोपर्यंत अशी गाडी घाटात नेऊ नये.

पुरात उभी राहिलेली गाडी

आपल्या भागासाठी ही वेगळी नोंद आवश्यक आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे पाण्याखाली गेला, निपाणीजवळ वेदगंगेच्या पाण्यानेही वाहतूक अडली. नदीकाठच्या गावांत कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या.

गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक लहानशी नळी असते. गाडी त्या पातळीच्या वर बुडाली तर पाणी आत शिरते. मग तेल दुधाळ गुलाबी दिसते, गुलाबाच्या मिल्कशेकसारखे. क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर कागदासारख्या पदार्थाचे असते आणि ते चिकटवलेले असते. पाण्याने तो चिकटपणा सुटतो आणि अस्तर गळू लागते. इथे टप्प्याटप्प्याचा मार्ग चालत नाही. गाडी सुरू करू नये, ती उचलूनच गॅरेजला न्यावी आणि सगळे तेल पूर्णपणे बदलून घ्यावे. तेलात पाणी बरेच दिवस राहिले असेल तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून पर्याय नसतो. जुन्या गाड्यांत रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळला, तरी हीच लक्षणे दिसतात आणि उपायही हाच.

पूरग्रस्त भागातली वापरलेली गाडी स्वस्तात मिळत असेल, तर घेण्यापूर्वी गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून पांढऱ्या कागदावर पाहावे. विमा कंपनीकडचा दाव्याचा इतिहासही विचारावा.

गॅरेजमध्ये काय विचारावे, काय पाहावे

निपाणीचे सभासद कोल्हापूरला जातात, बेळगावचे बहुधा गावातच काम करून घेतात. कुठेही गेलात तरी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

तेल सीलबंद डब्यातून आपल्यासमोर काढावे आणि पुस्तिकेतले नाव डब्यावर जुळवून घ्यावे. 'सगळ्यांना चालणारे' तेल शक्यतो टाळावे. बाहेर काढलेले तेल मापाच्या डब्यात घ्यायला सांगावे. जेवढे निघाले तेवढेच भरले, याची खात्री होते. मात्र आधीपासूनच गळती असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून शेवटी पातळी तपासावीच लागते. अनेक गाड्यांना डिपस्टिक नसते. त्यांत तेल ठरावीक तापमानाला, बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असताना, गाडी सपाट उभी करून आणि इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. तापमान स्कॅनरवर दिसते. ही पद्धत माहीत नसलेल्या ठिकाणी काम देऊ नये.

बिलावर तेलाचे नाव, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. जुने तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू देऊ नये. गॅरेजकडे ते गोळा करून नेण्याची सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

चालवताना थोडी काळजी

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकू नये. चढावर थांबल्यावर एक्सिलेटरने गाडी तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. तोलून धरताना तेल नाहक तापते. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढावा, मग ब्रेकवरचा पाय काढण्यापूर्वी 'पी' टाकावा. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये, उलट खालचा गिअर धरावा. आणि ऑटोमॅटिक गाडी वाटेत बंद पडलीच, तर दोरीने ओढत नेऊ नये. पूर्ण गाडी उचलून नेणारे वाहन मागवावे, कारण इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही आणि ओढताना गिअरबॉक्स कोरडा चालतो.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी

मोठे काम हाती घेण्यापूर्वी आरसीवरची तारीख पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पुण्याहून आलेली एमएच पासिंगची गाडी अजून केए झालेली नसेल, तर ना-हरकत दाखला आणि इथला कर हा खर्चही त्यात धरावा. चेसिसला गंज चढला आहे, इंजिन ऑइल पिते आणि नोंदणी वर्षभरात संपते आहे, अशा गाडीच्या गिअरबॉक्सवर पाचवी पायरी करणे व्यवहाराचे नाही. पण बॉडी धड आहे, इंजिन शांत आहे आणि घरातल्या ज्येष्ठांना त्याच गाडीची सवय झाली आहे, तर गिअर गुळगुळीत पडत असतानाच पहिली-दुसरी पायरी करून घ्यावी. ती तुलनेने स्वस्त असते आणि मोठा खर्च पुढे ढकलते.

पावसाळ्यात घाटात अडकण्यापेक्षा उन्हाळ्यातच एक दिवस काढून फाईल चाळावी, तेल पाहावे आणि आपली गाडी कोणत्या पायरीवर आहे ते ठरवावे. ज्या सभासदांनी असे काम करून घेतले असेल त्यांनी गाडीचे मॉडेल, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार मंडळाकडे कळवावा. सारख्या गाड्या असलेल्या कुटुंबांना त्या नोंदींचा उपयोग होईल.